१.४ बारची हौस आणि पसरणी घाट: एका अबार्थ पुंटोचा बूस्ट पुन्हा बसवताना

गाडी २०१६ ची अबार्थ पुंटो. १३६८ सीसीचं टी-जेट पेट्रोल इंजिन, आयएचआयचा छोटा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंखा), कंपनीने दिलेली ताकद १४५ बीएचपी आणि टॉर्क २१२ न्यूटन-मीटर. ऑक्टोबर २०१५ मध्ये ही गाडी दहा लाखांच्या आतल्या किमतीत आली तेव्हा पुण्याकडच्या गाडीवेड्यांना तिचं विशेष कौतुक वाटलं, कारण ती आपल्या रांजणगावच्या कारखान्यातली. बीएस-६ नियम लागू होण्याआधीच फियाटने पुंटो बंद केली. त्यामुळे आज ज्याच्याकडे ही गाडी आहे त्याने ती सांभाळायची. इंजिन गेलं तर तसंच दुसरं धड इंजिन शोधताना नाकी नऊ येतात. हे आधी सांगतोय, कारण पुढचे बहुतेक निर्णय याच गोष्टीकडे बघून घेतले.

मालक वाईकडचा तरुण, नोकरी पुण्यात. गाडीत आधीच बरंच काम झालेलं होतं. टर्बोच्या मागचा मोठा डाउनपाइप (एक्झॉस्टचा पाइप), मोकळा एअर फिल्टर, पुढे मोठा इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा) आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, रिमॅप (बदललेली आज्ञावली). त्यावर कुणीतरी हाताने फिरवायचा बूस्ट कंट्रोलर बसवून दिला होता (बूस्ट म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, तो बारमध्ये मोजतात). बोनेट उघडायचं, पितळी नॉब थोडा फिरवायचा, बूस्ट वाढला. काचेच्या खांबावर बसवलेला बूस्टचा काटा १.४ बार दाखवायचा आणि मालक खूश.

तक्रार वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटातली. चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की तीन-साडेतीन हजार आरपीएमला गाडी एकदम मान टाकायची, एक सेकंद काहीच नाही, मग झटका देऊन पुन्हा ओढायची. चेक इंजिनचा दिवा लागायचा, दुसऱ्या दिवशी विझायचा. स्कॅनरवर कोड पी०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट. गॅरेजवाल्यांनी दिलेला सल्ला असा की रिमॅपमधली ओव्हरबूस्टची मर्यादाच काढून टाका, झटका जाईल. झटका गेला असता हे खरं आहे. पण ती मर्यादा होती म्हणूनच इंजिन अजून शाबूत होतं.

आधी इंजिन, मग बूस्ट

ताकद वाढवायला आलेल्या गाडीवर पहिल्या दिवशी बूस्टला हात लावायचा नाही, हा माझा नियम. आधी इंजिनची तब्येत. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकसारखं आलं. लीक-डाउन चाचणीत तिसरा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त गळत होता, पण मर्यादेत.

खरी गोष्ट स्पार्क प्लगांनी सांगितली. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून भिंगाखाली धरला तर मधल्या पांढऱ्या चिनी मातीवर मिठाच्या कणाहूनही बारीक, चमकणारे करडे ठिपके. काजळी अशी चमकत नाही. हा पिस्टनचा ॲल्युमिनियम. आत नॉकिंग होतंय, म्हणजे ठिणगीने पेटवलेली ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतंय, त्या धक्क्याने पिस्टनच्या पृष्ठभागावरचे कण सुटतायत आणि प्लगवर येऊन चिकटतायत. बोअरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) घातल्यावर त्याच पिस्टनच्या कडेची काजळी एका बाजूने धुऊन काढल्यासारखी स्वच्छ दिसली. टी-जेटचे पिस्टन ओतीव आहेत, घडीव नाहीत. ओतीव पिस्टनला उष्णता बऱ्यापैकी सोसते, पण नॉकिंगचे धक्के सोसत नाहीत. रिंगांच्या मधली पातळ भिंत तडकते आणि मग इंजिन खोलण्याशिवाय मार्ग उरत नाही. ही गाडी त्या वाटेवर निघाली होती, अजून पोहोचली नव्हती.

मालकाला प्लग हातात दिला, भिंग दिलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "पण दादा, आवाज तर कधीच आला नाही." येणारही नाही. मोकळा फिल्टर, मोठा डाउनपाइप, खिडक्या उघड्या आणि घाटातला वारा. एवढ्यात नॉकिंगची टिकटिक कानाला कुठून कळणार? ती लॉगमध्ये, म्हणजे ईसीयूच्या नोंदींत, दिसते. हे काम कानाने करायचे दिवस गेले.

लॉगमधला अर्धा सेकंद

गाडी डायनोवर, म्हणजे जागेवरच चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर, चढवली. टायमिंग (ठिणगी कधी पडते ते), नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग, बूस्टचं लक्ष्य, प्रत्यक्ष दाब, सोलेनॉइडचा (बूस्ट ठरवणाऱ्या विजेच्या झडपेचा) ड्यूटी, म्हणजे ती किती टक्के वेळ चालू, थ्रॉटल (हवेची मुख्य झडप), आत जाणाऱ्या हवेचं तापमान हे सगळं ईसीयूमधून, आणि लॅम्डा (मिश्रणाचं प्रमाण; १ म्हणजे आदर्श, त्याखाली पेट्रोल जास्त) वेगळ्या वाइडबँड सेन्सरवरून नोंदवलं. गाडीचा अंगचा ऑक्सिजन सेन्सर पूर्ण लोडवर कामाचा नाही; मिश्रण गडद (पेट्रोल जास्त) आहे एवढंच तो सांगतो, किती गडद ते नाही.

चौथ्या गिअरमधली पहिलीच ओढ, म्हणजे पाय पूर्ण दाबून घेतलेली चाचणी, पुरेशी होती. ३३०० आरपीएमला ईसीयूला हवा होता २.०५ बार निरपेक्ष दाब (हवेचा स्वतःचा दाब अधिक बूस्ट). पुण्यात समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर हवेचा स्वतःचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो, म्हणजे काट्यावर १.१. प्रत्यक्ष दाब २.३० झाला. ईसीयूने सोलेनॉइडचा ड्यूटी ५८ टक्क्यांवरून शून्यावर आणला, म्हणजे वेस्टगेट (एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) उघड असा हुकूम सोडला. दाब खाली आला नाही. २.४० झाला, २.५० झाला आणि तिथे रेषा एकदम सपाट झाली. कारण या गाडीतला सेन्सर त्याच्या पुढे वाचतच नाही. त्या क्षणी आतला खरा दाब किती आहे हे ईसीयूला माहीत नव्हतं. खांबावरचा काटा मात्र १.६ ला टेकला होता. सेन्सरला कमी हवा दिसते, पेट्रोल त्या हिशोबाने कमी पडतं, आणि नेमक्या याच ठिकाणी जास्त पेट्रोल हवं असतं. लॅम्डा ०.८२ वरून ०.९० वर सरकला. तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग नॉकमुळे सात अंशांनी मागे आलं. शेवटी ईसीयूने हातात उरलेलं एकच हत्यार वापरलं, थ्रॉटल १०० वरून ३८ टक्क्यांवर बंद केला. घाटातली मान टाकणं ते हेच.

ईसीयूचा हुकूम वेस्टगेटपर्यंत का पोहोचत नव्हता? कंप्रेसरमधून एक बारीक नळी सोलेनॉइडकडे जाते, तिथून ॲक्चुएटरकडे. ॲक्चुएटरच्या पडद्यावर दाब आला की आतली स्प्रिंग दबते, दांडा सरकतो, वेस्टगेटची झडप उघडते आणि एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. सोलेनॉइड त्या नळीतला दाब कमीजास्त करून बूस्ट ठरवतो. इथे पितळी कंट्रोलर सोलेनॉइड आणि ॲक्चुएटर यांच्या मधे बसवला होता. त्याच्या आत एक गोळी आणि स्प्रिंग. ठरावीक दाब होईपर्यंत पलीकडे काही जाऊच द्यायचं नाही. म्हणजे ईसीयू कितीही ओरडला तरी ॲक्चुएटरपर्यंत आवाज पोहोचत नाही. एका वेस्टगेटला दोन मालक. नुसता हाताचा कंट्रोलर असलेल्या जुन्या गाड्या वर्षानुवर्षं चालल्या आहेत, नुसता ईसीयूचा ताबा तर उत्तमच. दोन्ही एकामागे एक लावणं मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही.

त्यात आणखी एक भर होती. ॲक्चुएटरचा दांडा पेचाने आखडून ठेवला होता. नळी काढून हातपंपाने दाब दिला तर झडप ०.६ बारच्या पुढे गेल्यावर जेमतेम हलायला लागली. दांडा आखडला की झडप उशिरा उघडते हे सगळ्यांना माहीत असतं. त्याने तिची पूर्ण उघडण्याची जागाही कमी होते, याकडे दुर्लक्ष होतं. आणि सगळ्यात शेवटी धूर-चाचणी. इनटेकमध्ये हलक्या दाबाने धूर सोडला तर इंटरकूलर ते थ्रॉटल या पाइपाच्या क्लॅम्पखालून पांढरी रेघ निघाली. क्लॅम्प घट्ट होता, रबरच आतून कापलं गेलं होतं. गळती असली तरी काट्यावर बूस्ट पुरा दिसू शकतो. तेवढा दाब दाखवण्यासाठी टर्बो नेहमीपेक्षा जास्त फिरतो, जास्त तापतो, एवढंच.

१.४ बारचा हिशोब

मालकाचा आग्रह स्पष्ट होता: झटका जावा, १.४ राहावा. त्याच्या समोर कागदावर आकडे मांडले.

टर्बोला काट्यावरचा बूस्ट कळत नाही, त्याला कळतं दाबाचं गुणोत्तर. फिल्टरमधून ओढून घेताना पुण्यातला ०.९५ बार ०.९३ होतो. इंटरकूलरमध्ये साधारण ०.१ बार पडतो. काट्यावर १.१ हवा असेल तर कंप्रेसरने २.१५ भागिले ०.९३, म्हणजे सुमारे २.३ पट दाबायचं. १.४ हवा असेल तर २.६ पट. पसरणी घाट चढून पाचगणीला, म्हणजे समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या जवळ गेलं की हवेचा दाब ०.८७ च्या आसपास येतो आणि तोच १.४ साठी २.८ पट. एवढ्याशा टर्बोला हे झेपत नाही. तो आपल्या कार्यक्षमतेच्या पट्ट्याबाहेर जातो आणि हवा दाबण्यापेक्षा तापवण्याचं काम जास्त करतो.

एप्रिलमधली ३५ अंशांची हवा धरू. १.१ बारला, कंप्रेसरची कार्यक्षमता ६८ टक्के धरली तर टर्बोतून निघणारी हवा १५५ अंशांच्या आसपास. १.४ ला कार्यक्षमता ६२ टक्क्यांवर घसरली तर १९० अंश. इंटरकूलरनंतर डायनोवर अनुक्रमे ५५ आणि ७२ अंश दिसले. आता गंमत बघा: निरपेक्ष दाब २.०५ वरून २.३५ झाला, म्हणजे जवळपास १५ टक्के वाढला, पण हवा गरम म्हणून विरळ, आणि सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष जाणारी हवा वाढली फक्त ९ टक्के. ती गरम हवा नॉक करते, ईसीयू टायमिंग सहा-सात अंश मागे घेतो आणि ते ९ टक्केही धुराड्यातून निघून जातात. इंजिनात मात्र उष्णता आणि धक्के पूर्ण १.४ चे.

पेट्रोलची बाजू वेगळी. जुना रिमॅप १०० ऑक्टेन धरून केलेला (ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल नॉकिंगला जास्त तग धरतं). इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे आणि मुंबई होती, पण ते मोजक्याच पंपांवर मिळतं. मालक पुण्यात ९५ भरायचा आणि गावाकडे जो पंप लागेल तिथलं साधं. बूस्ट ठरवायचा तो आपण प्रत्यक्षात भरतो त्यातल्या सगळ्यात हलक्या पेट्रोलवर. शिवाय पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वाढत गेलं तसं तेवढ्याच हवेला जास्त पेट्रोल लागतं. शुद्ध पेट्रोलला आदर्श प्रमाण एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, ई२० ला (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साधारण १३.५. म्हणून मिश्रणाचे आकडे एअर-फ्युएलमध्ये न वाचता लॅम्डामध्ये वाचायचे. पेट्रोल कुठलंही असो, लॅम्डा ०.८२ चा अर्थ बदलत नाही. जास्त पेट्रोल म्हणजे ते फवारणाऱ्या इंजेक्टरवर जास्त भार, आणि १.४ बारला इंजेक्टरचा ड्यूटी आधीच नव्वदच्या पुढे गेला होता. तिथे राखीव काहीच उरलं नव्हतं.

प्रत्यक्ष काम

पितळी कंट्रोलर काढला. नळ्या कंपनीच्या रचनेप्रमाणे नव्या टाकल्या, लांबी शक्य तितकी कमी, प्रत्येक टोकाला क्लिप. ॲक्चुएटरचा दांडा सैल करून हातपंपावर झडप ०.४ बारला हलेल असा बसवला आणि चेकनट घट्ट केला. फाटका रबरी पाइप बदलला, पुन्हा धूर सोडून पाहिला. प्लग एक पायरी थंड घेतले आणि गॅप ०.६५ मिलिमीटर ठेवला. दाब वाढला की मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते आणि माणूस नसता टर्बोला दोष देत बसतो.

मग पहिली ओढ सोलेनॉइडच्या वायरचा जोड काढून, नुसत्या स्प्रिंगवर. ही ओढ कंटाळवाणी असते, म्हणून बहुतेक जण टाळतात. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्प्रिंगवर बूस्ट किती येतो आणि आरपीएम वाढताना तो आपोआप वर चढतो का, हे इथेच कळतं. मोकळ्या डाउनपाइपमुळे तो चढण्याची भीती होती. तसं झालं तर वेस्टगेटचं भोक अपुरं आहे आणि कुठलाही मॅप ते दुरुस्त करू शकत नाही. इथे बूस्ट ०.४५ ला आला आणि सहा हजारांपर्यंत तिथेच राहिला. पाया सरळ मिळाला.

तिथून वर. ०.८, ०.९, १.०, १.१, १.२. ९५ ऑक्टेन, टाकीत गावाकडचं थोडं साधं मुद्दाम मिसळून. प्रत्येक पायरीवर एक थंड ओढ, मग लागोपाठ तीन गरम. थंड ओढीत १.२ बारने १.१ पेक्षा चाकांवर दोनच बीएचपी जास्त दिले. गरम ओढीत १.२ मागे पडला. १.१ ला तिसऱ्या गरम ओढीत ३२०० आरपीएमला तिसऱ्या सिलिंडरने अडीच अंश टायमिंग सोडलं. १.० ला काहीच नाही.

लाल रेषेजवळ इंजिन फुटतं असा समज आहे. या इंजिनाला सगळ्यात जास्त धोका २८०० ते ३५०० मध्ये आहे, जिथे टॉर्क शिखरावर असतो, सिलिंडरमधला दाब सर्वाधिक असतो आणि पिस्टन हळू सरकत असल्याने मिश्रणाला आपोआप भडकायला वेळही मिळतो. म्हणून बूस्टची चढण मुद्दाम सौम्य केली. पूर्ण १.०५ बार ३२०० ला, त्याआधी नाही. ४८०० पर्यंत तेवढाच, मग उतरत ५८०० ला ०.८५. वरच्या टोकाला बूस्ट धरून ठेवायचा हट्ट केला नाही, कारण तिथे हा टर्बो फक्त उष्णता देतो.

मर्यादाही नव्याने घातल्या. लक्ष्यापेक्षा ०.१५ बार वर गेलं की थ्रॉटल बंद. आत जाणारी हवा ६० अंशांच्या वर गेली की बूस्ट टप्प्याटप्प्याने कमी. पहिल्या दोन गिअरमध्ये ०.८. आणि घाटासाठी खास: बाहेरचा हवेचा दाब ०.९२ च्या खाली गेला की निरपेक्ष लक्ष्यही खाली, म्हणजे पाचगणीला टर्बोला पुण्यापेक्षा जास्त पळावं लागणार नाही.

एकाच डायनोवर आधीची आणि नंतरची रेषा एकमेकींवर ठेवली. आधी १.४ बारला, झटका यायच्या आतला सर्वोच्च आकडा चाकांवर १३४ बीएचपी. आता १.०५ ला १४७, आणि तिसऱ्या गरम ओढीतही १४४. "म्हणजे मी पैसे देऊन बूस्ट कमी करून घेतला," असं तो म्हणाला खरा, पण डोळे रेषेवरच होते.

महामार्गावर आम्ही पूर्ण लोडची एकही चाचणी केली नाही. लोकांनी भरलेल्या रस्त्यावर, लॅपटॉप मांडीवर घेऊन, तीन आकड्यांच्या वेगात मॅप बदलणं हे कौशल्याचं लक्षण नाही. पसरणी घाटात नंतर गेलो ते साध्या चालीने, लॉगिंग चालू ठेवून. घाटाच्या वरच्या अंगाला लक्ष्य अपेक्षेप्रमाणे उतरत गेलं, टायमिंग शाबूत राहिलं, हवा ५७ अंशांच्या वर गेली नाही.

त्यानंतर

दोन तेलबदलांनंतर प्लग पुन्हा काढले. चिनी मातीचा रंग फिकट बदामी, ठिपके नाहीत. तिसऱ्या सिलिंडरचं लीक-डाउन पूर्वीइतकंच. तेल दर ५००० किलोमीटरला बदलायचं ठरलंय, कारण टर्बोच्या बेअरिंगचा आधार तेलाची ती पातळ फिल्म, दुसरं काही नाही.

पुढच्या भेटीत मालकाने घडीव पिस्टनची चौकशी केली. होतं, पण मग कनेक्टिंग रॉड, मोठे इंजेक्टर, वेगळा टर्बो, क्लच, ब्रेक हे सगळं मागोमाग येतं, आणि नुसते पिस्टन घालून याच टर्बोवर १.४ चालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. १०० ऑक्टेनसाठी वेगळा, थोडा वरचा मॅप मागितला, तोही दिला नाही. ईसीयूला टाकीतल्या पेट्रोलचा ऑक्टेन कळत नाही, आणि घाई असलेल्या शनिवारी मॅप बदलायचं कधीतरी राहून जाणारच.

राहिला डाउनपाइप. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने मंजूर करून घेतलेल्या रचनेत असा बदल चालत नाही, मालकाला दर बदलामागे ५००० रुपयांचा दंड आणि कैदही होऊ शकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तेच बोट दाखवेल. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता त्याने कमी रोध करणारा कन्व्हर्टर असलेला पाइप मागवलाय. तो बसला की एक्झॉस्टमधला उलटा दाब थोडा वाढेल, बूस्ट जरा उशिरा येईल, सोलेनॉइडचे आकडे पुन्हा जुळवावे लागतील. काम परत स्प्रिंगवरच्या ओढीपासून सुरू करायचं, पुढच्या महिन्यात डायनो रिकामा मिळाला की.